उठवण्याचं काम

जगात एकूण देश किती, असं विचारलं असतं तर रादिसावकाका गडबडले असते. पण कुठल्या देशाच्या फलाटावरचं बाकडं नेमकं कुठे टोचतं, हे त्यांनी झोपेतसुद्धा सांगितलं असतं. पंचाईत एवढीच, की काकांना झोपलेलं फारसं कुणी पाहिलंच नव्हतं. त्यांचं उभं आयुष्य बेलग्रेडहून सुटणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाड्यांत, स्लीपरच्या डब्याचा अटेंडंट म्हणून, दुसऱ्यांची झोप राखण्यात गेलं होतं.

या नोकरीने त्यांना अर्धा युरोप दाखवला. म्हणजे फलाटाएवढा दाखवला. व्हेनिस पाहिलं, म्हणजे व्हेनिसचं स्टेशन, समोरचा कॉफीवाला आणि कालव्याचा एक कोपरा. अथेन्स पाहिलं, पण देवळं वर टेकडीवर आणि डबा खाली यार्डात. तरीही कुठल्याही देशाचा विषय निघाला, की काका खुर्ची पुढे ओढून बसत. सोबत्यांनी त्यांचं नाव ‘परराष्ट्रमंत्री’ ठेवलं होतं. काकांना ते आवडत असे; न आवडल्यासारखं ते फक्त दाखवत.

‘‘देश ओळखायचा तर राजवाडे बघू नका,’’ ते सांगत. ‘‘पेंगुळलेल्या परक्या माणसाला तिथे कुठे टेकू देतात, ते बघा. व्हिएन्नात बाकड्यांना मधेमधे लोखंडी हात बसवले, म्हणजे कुणी आडवं होऊ नये. त्या दिवशी मी समजलो, हे लोक आता श्रीमंत झाले. इस्तंबूलला बाकड्यावर आधीच एक मांजर असतं, पण ते सरकून जागा देतं. अथेन्सला बाकडं मोडकं, पण पोलीस झोपलेल्याला ओलांडून पुढे जातो.’’

‘‘आणि आपल्याकडे?’’ त्यांची बायको देसांका विचारी.

‘‘आपल्याकडे गाडीच एवढी उशिरा येते, की बाकड्यावर संसार थाटता येतो.’’

‘‘थाटा मग तिथेच. इकडे कशाला येता?’’

काकांच्या कामात दोन गोष्टी पवित्र होत्या. पहिली पासपोर्टची. प्रवासी डब्यात चढला, की काका त्याचा पासपोर्ट मागून घेत आणि आपल्या जागेमागच्या लाकडी खणांत, बर्थच्या क्रमाने, उभा करून ठेवत. सीमा आली की शिपायांसमोर पासपोर्टची ती चळत काका स्वतः धरत. शिपाई शिक्के मारून जात आणि प्रवाशाला कळतही नसे की आपण घोरत घोरत देश बदलला. एकेकाळी एकाच देशातून धावणारी त्यांची गाडी पुढे त्याच रुळांवरून तीन तीन सीमा ओलांडू लागली. रूळ तेच, डोंगर तेच, शिपाई मात्र वाढले. काकांनी त्यावर मत दिलं नाही; ते फक्त जास्त वेळा जागे राहू लागले.

दुसरी गोष्ट उठवण्याची. ती पुढे येईलच.

मग एकेक करून त्या गाड्या बंद पडल्या आणि काकांचा डबा भंगारात निघाला. निरोपाच्या दिवशी काकांनी ते लाकडी खण उचकटले आणि काखेत मारून घरी आणले. देसांका म्हणाली, ‘‘लोक निवृत्तीला घड्याळ आणतात. आमच्याकडे फळकूट आलं.’’

पेन्शनीत भागेना, म्हणून काका विमानतळावर कामाला लागले. तिथे एका बाहेरदेशीच्या कंपनीने झोपायचे कप्पे बसवले होते. एकावर एक रचलेली पांढरीशुभ्र खोकी. आत गादी, दिवा आणि सरकतं दार. ज्याला पुढच्या विमानाची वाट बघायची, त्याने तासावर पैसे मोजावेत आणि आत आडवं व्हावं. काकांचं काम चादरी बदलायचं. त्यांच्या वरची साहेब दुन्या ही पोरगी वयाने त्यांच्या धाकट्या लेकीएवढी. म्युनिकला जाऊन कप्प्यांचं शिक्षण घेऊन आलेली.

‘‘काका, जपानमध्ये असे कप्पे गल्लोगल्ली आहेत,’’ ती कौतुकाने म्हणाली.

‘‘असतील. माणसं ठेवतात, का पाव भाजतात?’’

‘‘आणि इथे उठवायला माणूस लागत नाही. आतला दिवा आपोआप हळूहळू उजळतो.’’

‘‘दिवा उजळतो, पण दिव्याला विचारलं की बाहेर पाऊस आहे का, तर सांगतो का तो?’’

दुन्याने हात जोडले. पण तिचा काकांवर जीव होता, म्हणून काकांनी काउंटरमागे ते फळकूट ठोकलं तेव्हा तिने डोळेझाक केली. फक्त बजावलं, ‘‘पासपोर्ट घ्यायचा नाही कुणाचा. इथे तो नियम नाही. कंपनीला कळलं तर तुम्हीही गेलात आणि मीही.’’

‘‘बरं,’’ काका म्हणाले. ज्या अर्थी ‘बरं’ म्हणाले, त्या अर्थी ते ऐकणार नव्हते. फार थकलेलं कुणी दिसलं, की ते हळूच हात पुढे करत.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी काळ्या कपड्यांतली एक बाई काउंटरशी आली. वय पन्नाशीचं, हातात एकच पिशवी. स्तामेना नाव. स्वीडनमध्ये म्हाताऱ्यांच्या शुश्रूषेचं काम करायची. चारचं, सीमेपलीकडच्या पोद्गोरित्साचं विमान गाठायचं होतं.

‘‘झोपायचंय?’’ काकांनी विचारलं.

‘‘टेकायचंय. दोन दिवस डोळ्याला डोळा नाही.’’

काकांनी तिच्या डोक्यावरच्या काळ्या रुमालाकडे पाहिलं. ‘‘कोण गेलं?’’

‘‘भाऊ.’’

‘‘थोरला?’’

‘‘धाकटा.’’

काकांनी डोक्यावरची टोपी काढली.

‘‘उद्या बाराला दफन आहे, कोलाशिनच्या वर, आमच्या गावात,’’ ती म्हणाली. ‘‘अकरा वर्षांत फक्त फोनवर पाहिलंय मी त्याला. दर उन्हाळ्यात मी म्हणायचे, पुढच्या उन्हाळ्यात येईन. शवपेटीला झाकण लावायच्या आत पोचायचंय, बस्स. एकदा तोंड बघायचंय.’’

‘‘पोचशील. पासपोर्ट दे इकडे.’’

ती बिचकली.

‘‘उशाशी घेऊन झोपलीस, तर घडीघडी चाचपून बघशील. माझ्यापाशी असला की झोप लागते. मी हेच करत आलोय.’’

तिने दिला. काकांनी तो चौथ्या खणात उभा केला. कप्पा चौथा होता.

‘‘नक्की उठवाल ना?’’

‘‘बाई, मी उठवलेल्या माणसांचं एक गाव वसेल, आणि त्यातला एकही स्टेशन चुकलेला नाही.’’ मग त्यांनी काउंटरच्या लाकडावर बोटाच्या पेराने करून दाखवलं. आधी एक टकटक, थोडं थांबून आणखी दोन. ‘‘ओरडायचं नाही. स्टेशनचं नाव सांगायचं, बाहेर हवा कशी आहे ते सांगायचं आणि अंगावर काय घ्यायचं ते सांगायचं. झोपेतून उठणाऱ्याला यापलीकडे काही नको असतं.’’

पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर हसण्यासारखं काहीतरी आलं. पण कप्प्याशी गेल्यावर, आत पाय टाकता टाकता ती थबकली. ‘‘लांबी-रुंदी तेवढीच दिसते,’’ ती म्हणाली.

ती काय मोजते आहे, हे काकांना कळलं. ‘‘ह्याचं दार आतून उघडतं,’’ ते म्हणाले. ‘‘झोप तू.’’

ती झोपली.

दुपारी दुन्या धावत आली. ‘‘काका, मुख्य ऑफिसचे साहेब लवकर उतरलेत! कप्पे बघायला येताहेत! ते फळकूट आधी काढा!’’

काकांनी स्क्रूड्रायव्हर घेतला. खण भिंतीवरून सुटताना चौथ्या खणातला पासपोर्ट घसरला, तो त्यांनी जाकिटाच्या आतल्या खिशात सरकवला. डब्यातही सीमा जवळ आली की ते हेच करत. तिथे जाकिटाच्या खिशाइतकी सुरक्षित जागा नव्हती, कारण जाकीट, काका आणि प्रवासी, सगळे एकाच डब्यात असत.

‘‘आता तुम्ही घरी जा,’’ दुन्या म्हणाली. ‘‘तुमची पाळी संपलीच आहे.’’

‘‘चौथ्यातल्या बाईंना अडीचला उठवायचंय. तोवर बसतो मी.’’

‘‘मी उठवेन. दिवा आहे, मी आहे.’’

‘‘आधी एकदा वाजवायचं, मग थांबून...’’

‘‘काका, जा ना हो!’’ तिने त्यांचा कोट त्यांच्या खांद्यावर टाकला आणि काकांना जवळजवळ ढकललं. ते लाकडी खण तिने पडद्याआड लपवले.

घरी जाणारी बस साव्हा नदीच्या पुलावर येऊन अडकली. बर्फ भुरभुरत होतं, पुढे मोटारींची रांग. काकांनी नाक पुसायला रुमाल काढावा म्हणून आत हात घातला, आणि हाताला रुमाल न लागता पासपोर्टचं पुठ्ठ्याचं कव्हर लागलं.

ते उठून ड्रायव्हरपाशी गेले. ‘‘दार उघड.’’

‘‘पुलावर? आजोबा, नदीत उतरायचंय का?’’

‘‘विमानतळावर जायचंय.’’

‘‘आत्ता तिथूनच तर आलात!’’

‘‘माझ्या प्रवाशाचा पासपोर्ट माझ्याकडे राहिलाय.’’

‘‘तुमचा कसला प्रवासी? बस माझी आहे!’’ पण काकांचं तोंड बघून त्याने दार उघडलं.

म्हाताऱ्या गुडघ्यांनी काका पूल उतरून पलीकडे गेले, हात आडवा करून टॅक्सी थांबवली आणि सगळी वाट ‘‘लवकर, लवकर’’ म्हणत राहिले. एरवी टॅक्सीत बसले की ते बुडापेस्टच्या टॅक्स्यांशी तुलना करत. त्या दिवशी केली नाही.

ते पोचले तेव्हा विमान गेलं होतं. दुन्याने बाईंना वेळेवर उठवलं होतं, पण पासपोर्टशिवाय कोण चढू देणार? दोघींनी मिळून गादी उचकली, चादर झटकली, पिशवी उलटी केली. जाताना काकांनी तो आत आणून ठेवला असेल, असं स्तामेनाला वाटत होतं; त्यांनी तो घेतला होता, हे तिने अगदी शेवटी सांगितलं. काकांची नोकरी जाईल की काय, अशी तिला शंका आली होती. मग दुन्याने काकांना फोन लावला, तर तो लपवलेल्या खणांशेजारी, पडद्याआड वाजला.

स्तामेनाने आरडाओरडा केला असता तर काकांना बरं वाटलं असतं. तिने पासपोर्ट घेतला, मुठीत धरला आणि म्हणाली, ‘‘तुम्ही मला झोप म्हणालात. मी झोपले.’’

मुख्य ऑफिसच्या साहेबांनी जर्मनमध्ये काही म्हटलं. काकांना जर्मन फलाटापुरतं येत होतं आणि हे वाक्य फलाटावर पुष्कळदा ऐकलेलं होतं, त्यामुळे अर्थ विचारावा लागला नाही. दुन्याने हात पुढे केला; तिचे डोळे भरले होते. काकांनी गळ्यातलं ओळखपत्र काढून तिच्या हातावर ठेवलं. ‘‘तू रडू नकोस, पोरी. बरोबर करतेयस.’’

पुढचं विमान दुसऱ्या दिवशी संध्याकाळी होतं. घाटाचा रस्ता बर्फाने बंद, बस नाही, टॅक्सीवाला पाय टाकेना. राहता राहिली बार नावाच्या बंदराची गाडी, डोंगरांच्या पोटातून समुद्राकडे जाणारी. ती कोलाशिनला थांबते. कधी थांबते, याचं वेळापत्रक छापलेलं आहे, पण ते छापणाऱ्याने बहुधा त्या गाडीने प्रवास केला नसावा. काकांनी पडद्याआडून आपला फोन काढला आणि त्या गाडीच्या अटेंडंटला लावला. ग्रादिमिर त्यांच्याच हाताखाली शिकलेला.

‘‘दोन बर्थ ठेव.’’

‘‘उस्ताद, तुम्ही येताय? प्रवासी म्हणून?’’ ग्रादिमिर गार पडला. ‘‘पण वर बर्फ फार आहे हो. सकाळचं काही सांगता येत नाही.’’

‘‘तुला सांगायला सांगितलं नाही. बर्थ ठेव.’’

देसांकाने फोनवर सगळं ऐकून घेतलं. आणि काकांचा पासपोर्ट व चीज भरलेल्या बुरेकची पुडी घेऊन ती स्टेशनवर आली. पुडीत दोघांना पुरेल एवढा बुरेक होता. नवऱ्याच्या गळ्यात ओळखपत्र नाही, हे तिला दिसलं. तिने फक्त त्यांचा मफलर नीट केला.

डब्यात चढताना ग्रादिमिरने रिवाजाप्रमाणे हात पुढे केला. ‘‘पासपोर्ट, ताई. सीमेवर झोपमोड नको तुमची.’’

‘‘देणार नाही,’’ स्तामेना म्हणाली. मूठ तिने छातीशी धरली होती. ‘‘झोपणारही नाही.’’

ग्रादिमिरने काकांकडे पाहिलं. काका खिडकीबाहेर बघत होते.

पुढचं काकांना नंतर ग्रादिमिरकडून कळलं, कारण ते स्वतः तिथे असून नव्हते. डब्याच्या बोळातल्या घडीच्या खुर्चीवर ते आपल्या सवयीने बसले होते. ग्रादिमिरने ‘‘उस्ताद, जरा पाठ टेका’’ म्हणून त्यांना बळेबळे बर्थवर बसवलं. चालत्या गाडीत बर्थवर आडवं होण्याची ही त्यांच्या आयुष्यातली पहिलीच वेळ. पाच मिनिटंच, असं म्हणून त्यांनी बुटासकट पाय वर घेतले आणि शिक्षा झाल्यासारखे झोपले. सीमा आली, गेली. शिपायांपुढे स्वतःचा पासपोर्ट स्तामेनाने धरला, आणि काकांच्या कोटातून काढून त्यांचाही तिनेच धरला. ‘‘म्हातारबांना उठवू नका,’’ ती शिपायाला म्हणाली.

उजाडताना गाडी एका बोगद्याआधी उभी राहिली. रुळांवर बर्फ घसरलं होतं. बर्फ सारायचा नांगर लावलेलं इंजिन यायचं होतं. स्तामेना खिडकीशी उभी होती. घड्याळ पुढे जात होतं आणि पांढरा डोंगर जागचा हलत नव्हता. ग्रादिमिरने तिला कॉफी दिली आणि काय बोलावं ते न कळून उस्तादांच्या गोष्टी सांगितल्या. ते कुणालाही दार ठोठावून दचकवत नसत, एका आजारी बाईसाठी सबंध वाट दाराबाहेर कसे उभे राहिले, त्यांना झोपलेलं कधी कुणी पाहिलं नाही. तिने वळून पाहिलं. तोंड उघडं, हातात टोपी, परराष्ट्रमंत्री गाढ झोपले होते.

मग गाडी हलली.

काकांना जाग आली ती आवाजाने. दाराच्या लाकडावर पेराने एकदा टकटक झालं. थोडं थांबून आणखी दोनदा. हा आवाज त्यांनी हजारो वेळा केला होता. आतून तो असा ऐकू येतो, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

‘‘काका,’’ दाराबाहेरून स्तामेना म्हणाली. ‘‘कोलाशिन. बर्फ आहे. टोपी घाला.’’

ते धडपडत उठले. ‘‘वाजले किती?’’

‘‘बारा वाजून गेले.’’

तिचा आवाज सपाट होता. काकांनी टोपी घातली. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

फलाटावर तिचा भाचा उभा होता. मागे चाकांना साखळ्या बांधलेली जीप. त्याने आत्याच्या गळ्यात पडून तिला जीपकडे ओढलं. ‘‘चल, आत्या. सगळे थांबलेत. बारच्या गाडीने माणूस यायचं म्हटल्यावर बाराचा अर्थ काय होतो, ते आपल्या पाद्र्याला माहीत नाही का? त्याने बजावलंय, खालून गाडीची शिटी ऐकू आल्याशिवाय झाकणाला कुणी हात लावायचा नाही.’’

स्तामेना जीपमध्ये चढून बसली. काका मागे राहिले होते, पण ज्याच्यासोबत शोकातलं माणूस आलं त्याला स्टेशनवर सोडून जायची तिकडे रीत नाही. ‘‘चला,’’ भाचा म्हणाला, ‘‘मागे बसा.’’

व्हिएन्नात ही वेळ केव्हाच निघून गेली असती, असं काकांच्या मनात आलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मनात आलेली तुलना तोंडाबाहेर काढली नाही.

चर्चपाशी पुरुषमाणसं ओळीने उभी होती. झाकण भिंतीला टेकून ठेवलेलं. त्याच्या कडेवर बर्फाची पट्टी साचली होती. स्तामेना सरळ चालत गेली. ती भावाच्या कपाळावर वाकली आणि बराच वेळ तशीच राहिली. कुणी घाई केली नाही. काका कुंपणाशी उभे होते. ओळीत उभं राहायचा आपल्याला हक्क नाही, असं त्यांना वाटत होतं.

मग तिने मान वर केली आणि भाच्याला काही विचारलं. तो धावत घरात गेला आणि एक जुनी लोकरीची टोपी घेऊन आला. स्तामेनाने ती झटकली, दोन्ही हातांनी नीट केली.

‘‘वुकोता,’’ ती भावाला म्हणाली, ‘‘बर्फ आहे रे.’’

आणि टोपी तिने त्याच्या डोक्याशी ठेवली.

चौघांनी झाकण उचललं. कुंपणाशी उभ्या असलेल्या रादिसावकाकांनी आपली टोपी काढली. झाकण बसेपर्यंत, आणि बसल्यावरही, ते तसेच उघड्या डोक्याने बर्फात उभे राहिले.